बटणामागच्या अकरा तारखा

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या रुग्णालयाचे अधीक्षकसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, त्यांच्या सौभाग्यवती, आणि चहाच्या कपांच्या आवाजाकडे कान लावून बसलेल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांनो,

मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. तरी सत्कारमूर्तींनी स्वतः फोन करून गळ घातली की ताई, चार शब्द तुम्हीच बोला. नाही कसं म्हणणार? बावीस वर्षं आमची टेबलं शेजारी होती. डेटाबेस कशाशी खातात हे त्यांना मी शिकवलं, आणि माझ्या डब्यातली भाजी त्यांनी कधी विचारून घेतली नाही.

शस्त्रक्रियेच्या यादीत कुणाचा नंबर कितवा, हे ठरवणारं फंक्शन, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, मी लिहून डेटाबेसमध्ये ठेवलं होतं. रुग्णाचा क्रमांक आणि नोंदणीची तारीख द्यायची, की ते नंबर सांगायचं; तारीख जितकी जुनी, तितका नंबर पुढचा. तारीख बाहेरून द्यावी लागे, कारण जुन्या नोंदी कागदावरच होत्या. डॉक्टरांच्या सोयीसाठी सत्कारमूर्तींनी एक्सेलमध्ये मॅक्रो केला, म्हणजे बटणामागे आपोआप चालणाऱ्या सूचना. बटण दाबलं की मॅक्रो माझ्या फंक्शनला हाक मारणार आणि यादी समोर हजर. सुरेख काम होतं. पहिली टाळी मीच वाजवली.

मग तक्रारी आल्या. मागून आलेली माणसं पुढे सरकत होती. चौकशी समितीने माझं फंक्शन ओळ न् ओळ तपासलं. दोष सापडेना, पण नंबर तर चुकत होते. मॅक्रोला पासवर्ड होता; तो उघडून पाहावा हे कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही. शेजारच्या टेबलावर का कुणी संशय घेतं? सत्कारमूर्ती समितीपुढे मान खाली घालून म्हणाले, "फंक्शन ताईंचं आहे. मी फक्त बटण केलं."

माझ्या सेवापुस्तकात 'निष्काळजी' असा शेरा बसला. तो घेऊन मी घरी गेले. माझ्या निरोपाला सभागृह नव्हतं, हे आपल्याला आठवत असेलच.

निवृत्त होताना सगळे पासवर्ड लिहून द्यावे लागतात. गेल्या आठवड्यात सत्कारमूर्तींनी ते दिले, बहुधा भाषणाच्या तयारीत विसरून. माझ्या जागेवरच्या बाईंनी मॅक्रो उघडला आणि मला बोलावून घेतलं. आत अकरा रुग्णांचे क्रमांक, आणि प्रत्येकापुढे खरी सोडून एक जुनी तारीख. मॅक्रो तीच पाठवत होता. फंक्शन बिचारं जे मिळालं त्याचं अचूक उत्तर देत होतं.

पहिला क्रमांक त्यांच्या आईंचा, डोळ्यांच्या ऑपरेशनचा. भाऊ, तो मी समजू शकते. मला सांगितलं असतंत तर भांडले असते, पण समजले असते. उरलेले दहा कुणाचे? आणि त्या सगळ्यांचं ओझं माझ्याच नावावर का?

मला बोलावलंत, शांतपणे ऐकलंत, याबद्दल सर्वांची आभारी आहे. हार घातलेल्या माणसाला असं बोलू नये, हे कॉन्व्हेंट शाळेत नन्सनी मला बजावलं होतं. तेवढा अपराध पोटात घाला. मॅक्रोची छापील प्रत आणि शेरा काढण्याचा माझा अर्ज अध्यक्षांपुढे ठेवला आहे. अर्जावर साक्षीदाराच्या सहीची जागा रिकामी आहे.

या भाऊ, पेन मी आणलंय.