पालमची कुमुद

आईच्या अस्थी गोदावरीत सोडून सुमन गंगाखेडच्या बसस्टँडवर बसली होती. मागच्या बाकावर एक बाई आपल्या विशीतल्या भाच्याशी बोलत होती.

"बन्सी, रेडिओच्या फर्माइशीत पालमची कुमुद कोण रे? तुझा बाप गल्लीभर विचारायलाय."

"मीच हाय, आत्या."

"पोरीच्या नावानं? गंमत म्हणून?"

"आधी गंमतच होती. मग वालूरचे, सेलूचे लोक कुमुदला रेडिओवरून नमस्कार धाडायलेत. लय बरं वाटतं."

"मग बन्सी कोण?"

"तेच कळंना."

"मला तर काहीच कळंना बाबा. आज बापासमोर ते नाव आलं तर? रेडिओ बंद करू?"

"नको. आवाज वाढव."

आत्यानं पायाजवळची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"गाणं तरी धडाचं सांगितलंस का?"