पडदा लावण्याआधी दोन शब्द

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या कंपनीचे संस्थापक आणि आपण सगळे ज्यांना नुसतं ‘साहेब’ म्हणतो ते आदरणीय साहेब. आजचे सत्कारमूर्ती, ग्राफिक्स विभागाचे प्रमुख आणि इथल्या लहानथोरांचे दादा. पहिल्या रांगेत मधोमध बसलेल्या आमच्या वहिनी. व्यासपीठावरील इतर मान्यवर. आणि खाण्याच्या टेबलांवर एक डोळा ठेवून माझं ऐकणारे माझे सहकारी बंधुभगिनी, सर्वांना सविनय नमस्कार.

मी टेस्टिंग विभागाची. मला इथे शंकासुर म्हणतात, हे साहेबांनाही ठाऊक आहे, त्यामुळे लपवत नाही. आज मात्र शंका बाजूला ठेवून दादांचं कौतुक करायचं, असं घरून ठरवून निघाले होते. पण मला भीती वाटतेय. भाषणाची भीती नाही हो, बोलायला मी कधी कमी पडलेय? भीती माझ्या पाठीमागच्या या पांढऱ्या पडद्याची आहे. ती का, ते सांगितल्याशिवाय मला खाली उतरता यायचं नाही. प्रोजेक्टरवाले भाऊ, तेवढा वेळ तुमचा हात बटणापासून लांब ठेवा, एवढी विनंती.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगते. आमच्याकडे कुणी निघालं, की भाषणं संपल्यावर ‘निरोपाची फेरी’ होते. आम्ही बनवतो त्या व्हिडिओ गेममधला त्या माणसाच्या हातचा सगळ्यात नावाजलेला भाग मोठ्या पडद्यावर लावतात, त्याच्या विभागातलं कुणीतरी तो खेळतं, आणि आपण टाळ्या वाजवतो. आज पत्रिकेत दादांच्या भुयाराची फेरी आहे. अंधारं भुयार, हातात एक कंदील, आणि त्याची फडफडणारी ज्योत. ती ज्योत जमवायला दादांनी किती कागद फाडले, ते त्यांच्या शेजारी बसणाऱ्यांना विचारा. भुयार देखणं आहे, यात वादच नाही.

आता दादांच्या स्वभावाबद्दल. दादा म्हणजे हट्टी माणूस. कॉम्प्युटरवरच्या खेळात कसं, ग्राफिक्सची सेटिंग असतात. सावल्या कमी करा, धूसरपणा काढा, हे करा, ते करा. कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळाच्या यंत्रावर, हे असावं की नसावं, यावर आमच्या कँटीनमध्ये जेवढी भांडणं झाली तेवढी पगारावरूनही झाली नसतील. आणि दादा कायम ‘नसावं’च्या बाजूने. ते म्हणायचे, “अगं, कॉम्प्युटर घरोघरी वेगळा, तिथे सेटिंग लागतात. कन्सोल सगळ्यांचा सारखा. माणूस कामावरून दमूनभागून येतो, पाय पसरतो, त्याला खेळायचंय. त्याच्यापुढे तू मेनू ठेवलास, तर त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. मेनू म्हणजे आपला आळस. आपल्याला ठरवता आलं नाही, म्हणून त्याच्या गळ्यात मारायचं.” साहेबांचंही हेच मत होतं आणि आहे. शिवाय साहेब म्हणतात, एक सेटिंग वाढवलं की तपासणी दुप्पट होते. तेही खोटं नाही. ती तपासणी आम्हालाच करावी लागते.

बरोबर वाटतं ना ऐकायला? मलाही वाटायचं.

पण आमच्या खोलीतली एक रीत सांगते, म्हणजे गंमत कळेल. गंमत कसली, काळजात धस्स होईल. आमच्या टेस्टिंगच्या कॉपीत एक लपवलेला मेनू असतो. तीन बटणं एकदम दाबली की उघडतो. दिवसभर तेच भुयार बघून डोकं भणभणतं, म्हणून आम्ही सकाळी आल्याआल्या, चहाचा कप टेबलावर टेकायच्या आधी, कंदिलाची फडफड बंद करतो. कॅमेऱ्याचे हादरे बंद. धूसरपणा बंद. चित्रकारांच्या मजल्यावरही तेच, हिशेबाच्या खोलीत कुणी गंमत म्हणून खेळायला बसलं तरी तेच. कुणी कुणाला सांगत नाही, नवा माणूस शेजाऱ्याचं बघून शिकतो. दादांनी ज्योत जमवली तेव्हा ती एकटी, छोट्या चौकोनात बघून जमवली. पूर्ण भुयारात, हादऱ्यांसकट, मोठ्या टीव्हीवर ती चालताना या इमारतीत कुणीच बघितली नव्हती. मशीनने केलेली प्रकाशाची चाचणी पास होती, आमचे शेरे चांगले होते. आम्ही सगळ्यांनी ‘उत्तम’ म्हटलं ते अशा खेळाला, जो आम्ही खेळलोच नव्हतो. गिऱ्हाइकाला सेटिंग नकोत म्हणणाऱ्या घरात एकही माणूस सेटिंगशिवाय खेळत नव्हता.

मग एका रविवारी दुपारी दादा दुकानात जाणारी कॉपी घरी घेऊन गेले. वहिनींना कौतुकाने म्हणाले, “ये, बघ तरी माझी करामत.”

वहिनी, सांगू ना? मघाशी तुम्ही परवानगी दिलीत, तरी पुन्हा विचारते. बरं.

वहिनी खेळतही नव्हत्या. सोफ्यावर मटार सोलत बसल्या होत्या. कंदील फडफडायला लागला. दादा म्हणाले, “कशी आहे?” उत्तर नाही. त्यांना वाटलं, रुसल्या असतील, स्वयंपाकाच्या वेळी टीव्ही लावलाय म्हणून. मग भांडं खाली पडलं आणि मटार खोलीभर झाले. दादांनी वळून बघितलं, तर वहिनींचे डोळे पडद्यावर खिळलेले, मान एका बाजूला ओढलेली, आणि हात असे, असे उडत होते. दादा हाका मारत होते आणि समोर बसलेलं आपलं माणूस ऐकत नव्हतं. टीव्ही बंद करायला रिमोट सापडेना. तो त्यांच्या स्वतःच्याच खिशात होता.

यापूर्वी वहिनींना अशी आकडी कधीही आली नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, काही जणांच्या मेंदूला फडफडता उजेड सोसत नाही, आणि ते कळतं ते असंच, झाल्यावर. पुन्हा होईल का, यावर ते म्हणाले, सांगता येत नाही. दादा नोकरी सोडताहेत ते थकले म्हणून नव्हे. त्यांना वहिनींना घरी एकटं ठेवायची भीती वाटते. मला हे त्यांनी स्वतः सांगितलं. तेव्हापासून मलाही घरी टीव्ही लावताना धडकी भरते. माझी आई शेजारी येऊन बसते, आणि मी पडद्याकडे कमी, तिच्या हातांकडे जास्त बघते. ती म्हणते, “काय गं, माझ्या बांगड्या मोजतेस का?”

त्या रविवारनंतर आपल्या हट्टी दादांनी पहिल्यांदा शब्द मागे घेतला. त्यांनी खेळाच्या सुरुवातीला एक मेनू बनवला. फार नाही, तीन ओळी. फडफड, हादरे, धूसरपणा. ज्याला नको त्याने बंद करावं, ज्याला हवं त्याने ठेवावं. बैठकीत ठरलं की विक्रीची तारीख जाहीर झाली आहे, मेनू पुढे कधीतरी बघू. मी त्या बैठकीत होते. कुणी वाईट हेतूने बोललं नाही. साहेब तर म्हणाले, “दादांचं दुःख मला कळतं, पण एका घरातल्या प्रसंगावरून लाखो घरांचा खेळ बदलायचा का?” प्रश्न रास्त वाटला, आणि दादांनी मेनूवाली कॉपी बाजूला ठेवून दिली.

दुकानात जाणाऱ्या कॉपीवर शेवटची सही दादांची असते. उद्यापासून ती माझी. आणि पहिलीच सही या भुयाराच्या खेळावर करायची आहे.

आता आजचं सांगते. हॉलमध्ये आले, पत्रिका हातात घेतली आणि दोनदा वाचली. निरोपाची फेरी, भुयार, तेही दुकानात जाणाऱ्या कॉपीवर, कारण पाहुण्यांना विकत मिळेल तसंच दिसायला हवं. छापणाऱ्याच्या लक्षात आलं नाही. कुणाच्याच लक्षात आलं नाही. मी धावत वहिनींकडे गेले, म्हटलं, तेवढा वेळ बाहेर बसू या. तर वहिनी म्हणाल्या, “वा गं. माझ्या नवऱ्याचा सत्कार, आणि मी व्हरांड्यात बसू? मी डोळे मिटून घेईन. आणि तुला बोलायचं तर बोल, मी काही चोरी केलेली नाही.” दादांना विचारलं, तर ते म्हणाले, “माझ्यासाठी कार्यक्रम मोडू नकोस.” प्रोजेक्टरवाले भाऊ म्हणाले, साहेबांनी सांगितल्याशिवाय बदलता येणार नाही. त्यांचंही बरोबर आहे.

म्हणून साहेब, आता तुम्हालाच विचारते. दादांची मेनूवाली कॉपी याच कन्सोलवर आहे, मी मघाशी बघून घेतलं. इथे वहिनी पहिल्या रांगेत आहेत हे आपल्याला माहीत आहे, म्हणून आपण निदान थांबून बोलतोय. ज्या लाखो घरांत हा खेळ जाईल, तिथे पहिल्या रांगेत कोण बसलंय? कुणाची आई, कुणाची धाकटी जाऊ? ते त्यांचं त्यांनाही माहीत नसेल. तिथे हात आडवा करायला मी नसेन. त्यांच्या हातात तीन ओळी तरी असू द्या. मेनूशिवाय मी सही करू शकणार नाही. दादांची खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यावी लागली, तर द्या.

दादा, तुम्हाला आणि वहिनींना आम्हा सगळ्यांकडून मनःपूर्वक शुभेच्छा. अध्यक्षांचे, आयोजकांचे आणि हात मांडीवर ठेवून बसलेल्या प्रोजेक्टरवाल्या भाऊंचे आभार. पण उत्तर मिळेपर्यंत मी या पडद्यासमोरून हलणार नाही, एवढा उद्धटपणा सोसून घ्या.

काय म्हणालात, साहेब? माईक जवळ घ्या जरा, मागे ऐकू गेलं नाही.

साहेब म्हणताहेत, कंट्रोलर इकडे आण, आणि फडफड कुठे बंद करायची ते मला दाखव.

पहिलीच ओळ आहे, साहेब. हा घ्या. प्रोजेक्टरवाले भाऊ, आता दाबा बटण.