कपाटातली गोफण

मालुबाई : कुलूप काढा मास्तर. माझी गोफण द्या.

मास्तर : आजचा दिवस थांबा, मालुबाई. बेळगावहून संग्रहालयाचे साहेब येताहेत. आपलं कपाट पसंत पडलं, तर दर महिन्याला जुनी नाणी, ताम्रपट पेटीत घालून शाळेला पाठवणार आहेत; पहिली पेटी बरोबरच आणताहेत. मुलांनी दिवाळीपासून डोकं खाल्लंय माझं.

मालुबाई : जोंधळा हुरड्यात आलाय माझा. पाखरं सायबाची वाट बघत न्हाईत. ओरडून ओरडून घसा बसला.

मास्तर : पण यल्लाप्पांनी स्वतः आणून दिली.

मालुबाई : घरात जुनं असंल ते आणा म्हनलासा, आमच्या मालकांनी गोफण दिली. नशीब, मलाच आणून बसवलं न्हाय. आनि ह्या चिठ्ठीवर काय लिवलंय वो?

मास्तर : ‘गोफण. पूर्वीच्या काळी लोक हिने दगड मारीत.’

मालुबाई : पूर्वीचं लोक म्हंजे कोन?

मास्तर : म्हणजे... आपले वाडवडील.

मालुबाई : म्या परवादिशी मारलाय की! काचंतनं बघितली. वाटलं, आपुन मेलो आन् कुनी सांगितलंबी न्हाय.

मास्तर : अहो, मान म्हणून ठेवलीय. मावळे गोफणीनं कसे लढले, मुलांना तोंडपाठ आहे.

मालुबाई : तुमची ही पेठेतली पोरं. फिरवती का एक तरी?

मास्तर : कपाटाला कुलूप असतं.

मालुबाई : तुमास्नी येती?

मास्तर : मी फळ्यावर चित्र काढतो.

मालुबाई : चित्रानं पाखरू उडतंय व्हय? द्या पाठवून पोरं माझ्या रानात. मी शिकवतो.

मास्तर : आणि साहेबांना काय दाखवू? पेटी गेली तर मुलांपुढं कसा उभा राहू?

मालुबाई : पोरांस्नी शिकवायचंय का सायबाला दावायचंय, तेवढं सांगा.

मास्तर : ...ही घ्या किल्ली. तुम्हीच काढा. माझा हात धजत नाही.

(दीड तासानं. साहेब कपाटासमोर उभे.)

साहेब : माफ करा मास्तर, उशीर झाला. लढाईमुळं पेट्रोल नाही, कोळशावर चालणारी मोटार; तवंदीच्या घाटात उतरून ढकलावी लागली. वा, छान मांडलंय. पण इथं नुसती चिठ्ठीच? वस्तू कुठाय?

मास्तर : ती कामावर गेलीय, साहेब.

साहेब : कामावर?

मास्तर : जोंधळा राखायला. सुगी झाली की परत येईल.

साहेब : आणि मुलं?

मास्तर : तिकडंच. इतिहासाचा तास चाललाय. मीच पोचवून आलो. पेटी परत नेलीत तर फार वाईट वाटेल मला. पण पहिला दगड सुटला तेव्हा पोरं जी ओरडली, तशी माझ्या तासाला कधी ओरडली नव्हती.

साहेब : रान किती लांब?

मास्तर : ओढ्यापलीकडं. चालत पाव तास.

साहेब : पेटी उतरवून घ्या आणि चला. आमच्याकडे सहा गोफणी आहेत, मास्तर. मीही कधी फिरवलेली नाही.