ताराबाईच्या नावावरची ओवी

गाव नाय ते, भाऊ. 'घरची' नावाचं गाव ना शहापुरात ना मुरबाडात — उगाच नकाशा धुंडू नका, घडी घाला त्याची. बाकीच्या ओव्यांखाली 'टोकावडे' लिवलंय, 'आटगाव' लिवलंय, म्हनून तुमाला वाटलं 'घरची'पन गावच असंल. ती मी. मास्तरांची घरची. हसा, हसा, मला राग नाय — ओव्या गोळा करायचं मंडळ ना त्यांचं, त्याचा नेमच होता तसा, ओवी उतरवली की खाली सांगनारीचं नाव लिवायचं नि गाव लिवायचं — नेम कोनी केला? मास्तरांनीच, चिटनीस तेच ना मंडळाचे — आन् बायकोचं नाव लिवायची पाळी आली तसा टाक हातातच राहिला. बायकोचं नाव कसं घ्यायचं? चार मानसांत तर नायच, पन कागदावरपन हात धजंना. मला इचारतात, "काय लिवू?" मी बोलले, मी काय सांगू? मंग लिवलं 'घरची'. शहापूरचे वकील होते अध्यक्ष, त्यांनी सभेत इचारलं, ही कोन बाई, तर मास्तर मान खाली घालून बोलले, "स्थानिक आहे." स्थानिक! ऐका!

चहा घ्या. गुळाचा हाय, साखर कुठली मिळत्ये आता. — हो, तुमच्या पुस्तकासाठी सगळी पेटी न्या, मी नाय कुठं म्हनते? लढाईत कागद मिळंना तसं मंडळ बसलं, वकील ठान्याला गेले, एक गुरुजी नाशकाकडं बदलून गेले, राहिले मास्तर नि ही पत्र्याची पेटी. मास्तर गेले तशी पेटी माझ्याकडं राहिली. वाळवी लागू नये म्हनून कडुलिंबाचा पाला घालते, ऊन दाखवते. वाचता नाय येत मला, पन कुठलं बाड कुठं ते बरोबर सांगते — वरती सभांचे कागद, खाली नागपंचमीची गानी, लग्नाची गानी, आन् ते जाडजूड लाल दोऱ्याचं, ते ताराबाईचं. दोरापन लालच घावला बघा तिला. माझ्या ओव्या सुतळीत.

तुमी तिच्यासाठीच आलात, कळलं मला. पेटी उघडली नि तुमचा हात पयला लाल दोऱ्याकडं गेला. काय आवाज असा नव्हता हो तिचा — जाडा, थोडा फाटका — पन लाज नव्हती. म्हंजे तसली लाज नाय, तसं वाईट नाय सांगत मी तिचं. गानाऱ्या बाईला लागते ती — धीट होती. आमच्या टोकावड्याच्या मावशीच्या शेजारची, बाळपनीच रांडाव झालेली, भावाच्या घरात राबायची. मास्तरांनी तिला मावशीकडं लावनीच्या टायमाला गाताना ऐकलं नि मंग काय — आज टोकावडे, उद्या टोकावडे. पायतानं झिजली. घरी आले की जेवताना ताराबाई. "ताराबाईनं आज एक अशी ओवी सांगितली —" नि भात थंड. मी चौदा प्रकारे कालवन केलं असतं तरी त्या मानसाला कळलं नसतं.

नाय, नाय. तसं काय नव्हतं त्यांच्यात. तुमच्या तोंडावर आलं म्हनून सांगते. ती त्यांना दादा म्हनायची, राखीला सुताचा धागा पाठवायची. तसं असतं तर बरं झालं असतं, भाऊ — भांडले असते, झिंज्या धरल्या असत्या, गाव माझ्या बाजूनं उभा राहिला असता. हिच्याबद्दल कोनाकडं रडायचं? नवरा दुसऱ्या बाईच्या ओव्या लिवतो म्हनून? लोक हसले असते.

वाचा बघू ती. हां, तीच, पयल्या पानावरची — पुस्तकात पयली घालनार म्हनता ती. वाचा मोठ्यानं. — "रानाच्या वाटंवर गो, पाय वाजती कुनाचं" — हां — आन् मंग नाव येतं, आन् मंग "माझ्या गो दादाचं, बोल त्याचं गुनाचं." नाव तुमी वाचा, मी नाय. वाचलंत? झालं.

ती ओवी माझी हाय.

माझी म्हंजे माझी, आईची नाय, सासूची नाय. मास्तर मंडळापायी रानोमाळ हिंडायचे, पहाटं निघायचे, दिवेलागनीला यायचे, आन् मी जात्याशी बसून कान वाटंकडं लावायची — कुनाचे पाय ते लांबूनच कळायचे मला, उजवा जरा घासून टाकायचे ना ते. तशी सुचली. कोनाला सांगनार? त्यांना बाकी सगळ्या सांगितल्या, भावाच्या, म्हायेरच्या, गौरीच्या — 'घरची घरची' करून लिवल्यात बघा — पन ही नाय, ही नुसती जात्यावर म्हनायची. ज्याची हाय त्यालाच कशी सांगायची? तोंड नाय दाखवता आलं असतं मला.

मंग ती कशी घेऊन गेली — सांगते. मंडळाची मोठी सभा ठरली आमच्या ओसरीवर, ठान्याची मानसं येनार, म्हनून ताराबाईला आधीच आनून ठेवली, माझ्याच घरात. पाहुन्यांचं दळन होतं, पहाटं आमी दोघी समोरासमोर बसलो, एका खुंट्याला दोघींचे हात. ती एक म्हनायची, मी एक म्हनायची. दळता दळता बाईमानूस सैल होतं, भाऊ, तुमाला नाय कळायचं. मी म्हनून गेले. "रानाच्या वाटंवर गो, पाय वाजती कुनाचं — हूं हूं — माझ्या गो धन्याचं, बोल त्याचं गुनाचं." नावाच्या जागी हूं हूं. नवऱ्याचं नाव कसं घेनार? माझ्या सासूनं नाय घेतलं, आईनं नाय घेतलं. ताराबाई थांबली, खुंटा धरूनच थांबली. बोलली, "इथं भोक का गो ठेवलंस?" आन् हसली. मीपन हसले. तवा वाईट नाय वाटलं.

दुपारी सभा. मी आतून चहाचे पेले घेऊन उंबऱ्यात, आन् ती ओसरीवर पदर सारखा करून बसली नि माझ्याच चालीवर — माझ्याच! — धन्याच्या जागी दादा घातला, आन् भोकात त्यांचं नाव. ठनठनीत. चार गावच्या मानसांसमोर. वकील "वा" बोलले. आन् मास्तर — भाऊ, त्या मानसाला मी रडताना पायलं नव्हतं, त्यांचा भाऊ गेला तवा पन नाय — त्यांच्या डोळ्यांत पानी. टाक घेतला नि लिवलं. खाली सांगनारी ताराबाई, गाव टोकावडे. नाव लिवताना हात जरापन नाय अडला.

ओळखली कशी नाय? सांगा ना मला. किती वर्सं त्याच खोलीत निजले, पहाटं माझं जातं डोक्याशी घुरघुरायचं, तीच चाल, तेच शब्द — आन् ओळखली नाय. हूं हूं केलं म्हनून? तिथं आपलंच नाव बसतं, हे इतक्या शिकलेल्या मानसाला कळू नये? मी इचारलं नाय कवा. इचारायचं काय, की तुमी मला ऐकतच नव्हता? आन् ते 'नाय' बोलले असते तर मला पटलं नसतं, आन् 'हो' बोलले असते तर...

ऑं? खोडता? खरंच खोडता येतं? — म्हंजे छापतील ते माझ्या नावावर? लिवा मंग. गोजर लिवा. 'घरची' नको, गोजर. छापलेलं पुस्तक टोकावड्याला जाऊ दे, तिच्या भावाच्या घरात कोनीतरी वाचून दाखवू दे तिला. खोडा ती ताराबाई, दोन रेघा मारून खोडा, मी बघते.

कशी म्हंजे? आता तर सांगितली. — हां, माझ्या तोंडून, शब्दाला शब्द, जशी माझी तशी. बरोबर हाय तुमचं. म्हनते. लिवा.

रानाच्या वाटंवर गो, पाय वाजती कुनाचं —

थांबा. पानी पिते.

रानाच्या वाटंवर गो, पाय वाजती —

हूं लिवता येत असंल ना तुमाला? टिंबं टिंबं देनार? नुसती टिंबं? आन् मंग मास्तर कुठं जानार? खाली सही असनारच त्यांची, चिटनीस म्हनून, प्रत्येक कागदावर हाय, ते नका मला सांगू. सही काय, कोनीपन करतो. ओवीत म्हनते मी. ओवीतनं गेले मंग ते. — तुमी नाव ठेवाल माझ्या ओवीत? मी न घेतलेलं? मंग ती माझी कशी? ती तिचीच की.

मला तिचीच बरी वाटते, भाऊ. झालं? तिच्या तोंडची. त्यांना हाक मारल्यागत वाटते. माझ्यात नुसतं भोक हाय. ते गेल्यावर तरी जीभ उचलंल असं वाटलं होतं, ती आतापन उचलत नाय — आन् ती भवानी ऐकल्या दिवशीच नाव घेऊन मोकळी झाली!

खोडू नका. टाक ठेवा खाली. ताराबाईच राहू द्या, पयल्या पानावर राहू द्या, लाल दोरा बांधा परत. उचला पेटी, बैलगाडी उभी हाय कवाची, आटगावला गाडी चुकली तर उद्यापर्यंत बसाल. चहा तसाच राहिला तुमचा, राहू दे. आन् टोकावड्याला जाल, ती माझं इचारंल, इचारनारच ती — तर सांगा, गोजरनं पेटी दिली, बाकी काय बोलली नाय. जा.