दुधाला माफी

बर्फ वितळून रस्ते मऊ पडले, तशी मिशिगनात भरलेल्या ट्रकांवर कायद्याने बंदी आली. रस्ते कचेरीच्या खिडकीमागे बसलेल्या मार्लिसच्या कानावर रांगेतलं बोलणं पडत होतं. बंदी कधी उठते ते विचारायला आलेला लाकूडवाला आर्वो, दुधाचा टँकर चालवणाऱ्या लेसवर तोंडसुख घेत होता.

"महिना झाला, माझा ट्रक दारात उभा. आरागिरणी बंद. आणि तू खुशाल टँकर भरून पळवतोस!"

"दुधाला माफी आहे, बाबा. नासतं ते."

"रस्त्याला काय कळतंय, वर दूध आहे की लाकूड?"

"सकाळीच टँकर रुतलाय. अर्धी चाकं चिखलात."

"मग माझ्याकडे काय बघतोस?"

"तुझाच ट्रक ओढेल. डांबरीवरून, साखळी लावून."

"ओढतो की. रिकाम्या ट्रकाला कुठे बंदी आहे?"

"रिकामा जागीच घसरेल. लाकडं भरूनच आण. तीच परवानगी काढायला आलोय."

आर्वो खो खो हसत सुटला. मार्लिसने अर्ज पुढे ओढला.

"ट्रकात माल काय?"

"लाकूड."

"लाकडाला परवानगी नाही."

लेस खिडकीत वाकला. "मग दूध लिहा, बाई. रस्त्याला काय कळतंय!"