हिंचक्यासमोरची रायफल

मागच्या देवदिवाळीला, दुपारच्या वेळी, बा वारल्या. बा म्हणजे आमच्या शेठची आई. दिवाणखान्यातल्या हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसल्या होत्या, तशाच मागे टेकलेल्या सापडल्या. डॉक्टर आले, त्यांनी हृदय बंद पडलं असं सांगितलं, अंगावर कुठे खरचटलेलंसुद्धा नव्हतं. हिंचक्याच्या समोर घोडीवर, म्हणजे लाकडी स्टँडवर, रायफल होती आणि तिचं तोंड बांकडे होतं. एवढं पक्कं आहे. बाकीचंही सांगतो तुम्हाला, पण पाहिलेलं ते पाहिलेलं म्हणून सांगेन, ऐकलेलं ते ऐकलेलं म्हणून.

माझं नाव देविदास. आमचं मूळ गाव शिरपूरकडचं, पण माझा जन्म इथला, सुरतेचा, लिंबायतमधला. वडील पॉवरलूमवर मिस्त्री होते. लूमचं बेअरिंग तापलं की कापड बिघडतं, मग मशीनही बिघडतं, म्हणून ते दिवसभर खात्यात फिरत आणि हात लावून बघत. मी डबा घेऊन जायचो तर मलाही लावायला सांगत, पण तळहात लावला की ओरडत, उलटा हात लाव रे भो, तळहातले काय समजस? घट्टे पडलेल्या तळहाताला गरम उशिरा कळतं, हाताच्या मागच्या कातडीला लगेच कळतं. ही एवढी गोष्ट मी वडलांकडून घेतली, लूमचं काम काही घेतलं नाही. मला त्या खडखडाटात राहायचं नव्हतं. म्हणून फौजेत गेलो, आणि तिथे आर्मरर झालो, म्हणजे बंदुकांचा मिस्त्री. खडखडाट काही सुटला नाही, काय सांगू तुम्हाला.

आर्मररला बंदूक चालवायला कमी मिळते, उघडायला जास्त मिळते. हजारो उघडल्या असतील. आपोआप चालणाऱ्या बंदुकीचा स्वभाव वेगळा असतो. चाप दाबून धरला तर पहिली गोळी निशाणावर जाते, दुसरी त्याच्या वर, तिसरी आभाळात, कारण तोंड उचलत जातं आणि नवा जवान अंगाचं सगळं वजन टाकूनसुद्धा ते खाली धरू शकत नाही. आणि ती तापते. एकामागून एक मॅगझिन रिकामी केली की नळीवरची हवा हलायला लागते, समोरचं निशाण पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं, नळीखालचं लाकूड धुरकट वास सोडतं. मोठ्या मशीनगनला दुसरी नळी असते, तापली की बदलायची. रायफलला नसते. तिला थांबूनच राहावं लागतं.

एकदा फायरिंगवर एका जवानाने बंदूक खाली ठेवली. मॅगझिन काढलेलं होतं, हात बाजूला घेतलेले होते, पण एक गोळी आत नळीच्या घरात, म्हणजे चेंबरमध्ये, राहून गेली होती. आम्ही सगळे मागे उभे होतो, शिकवणारे उस्ताद कोणाला तरी शिव्या देत होते. चापाला कोणी हात लावला नाही. आणि ती वाजली. नळीच्या उष्णतेने आतली गोळी आपली आपण सुटली. समोर माणूस नव्हता म्हणून कोणी गेलं नाही. त्या दिवसापासून उस्तादांनी एकच गोष्ट आमच्या डोक्यात घातली, तापलेल्या बंदुकीच्या तोंडासमोर जायचं नाही, आणि थंड वाटली तरी जायचं नाही. माझी सगळी नोकरी त्या एका सवयीत गेली. आजही मी खेळण्यातल्या बंदुकीच्या समोरून जात नाही, नातू हसतो.

निवृत्त होऊन सुरतेत परत आलो आणि या शेठकडे लागलो. शेठचा कापडाचा धंदा, बंगला कामरेजच्या अलीकडे, आणि जुन्या हत्यारांचा शौक. तलवारी, कट्यारी, तोंडातून दारू भरायच्या जुन्या बंदुका, आणि एक परदेशी ऑटोमॅटिक रायफल. ती हत्यारांच्या एका व्यापाऱ्यामार्फत जुन्या संस्थानी घराण्याकडून आली होती, सगळ्या परवानग्यांसकट, निकामी केलेली. मी कामाला लागलो तेव्हा पहिली तीच उघडली. नळीत चेंबरच्या पुढे पोलादी खुंटी ठोकून वरून वेल्डिंग केलेलं, गोळीवर आपटणारी आतली पिन कापलेली, चाप नुसता सैल हलायचा. त्या रायफलीतून गोळी जाऊ शकत नाही. हे मी तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगतो. नळीखालचं लाकूड मात्र आतून काळं पडलेलं होतं, कोळशासारखं. कोणी तरी, कुठे तरी, तिला फार चालवलं होतं.

शेठना पाहुण्यांना ती दाखवायला फार आवडायचं. मला बोलावत, देविदासभाऊ, कहो ने एनी आदत, तिची सवय सांगा. मी सांगायचो, तोंड कसं उचलते, तापते कशी, आणि शेठ म्हणायचे, आ तो ट्राफिक पोलीस जेवी छे, कारण वगर गरम थई जाय, म्हणजे कारण नसताना तापते. पाहुणे हसायचे. बा हिंचक्यावरून बघायच्या, हसायच्या नाहीत.

बा ऐंशीच्या वरच्या, पांढरं लुगडं, पाय जमिनीला लावून हिंचका घालत दिवसभर दिवाणखान्यात बसायच्या. मला भाऊ म्हणत. माझ्या डब्यातली खिचडी मागून घेत आणि वर म्हणत, तमारे मराठी लोकोने मरचां विना रोटलो ज न उतरे, मिरचीशिवाय भाकर उतरत नाही तुम्हाला. मी म्हणायचो, बा, तुमच्या डाळीत साखर असते, ती आम्हाला प्रसाद वाटते. असं चालायचं आमचं.

मागच्या दसऱ्याला शस्त्रपूजा होती. दरवर्षी होते. पाट मांडले, हत्यारं मांडली, रायफल तिच्या घोडीवर ठेवली, नाडाछडी म्हणजे पूजेचा लाल दोरा बांधला, कुंकू लावलं. मी सवयीप्रमाणे सगळ्या बंदुकांची तोंडं भिंतीकडे केली. फौजेतही पूजा होते, पण तोंड कधी माणसाकडे नसतं. बा आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, भाऊ, भगवाननेय तू भिंत सामे बेसाडे छे? मी म्हटलं, बा, ही बंदूक आहे. आजे तो देव छे, त्या म्हणाल्या, देवाचं तोंड आपल्याकडे नसलं तर दर्शन कसलं, पाठ बघून पूजा करायची का? मी शेठकडे बघितलं. शेठ म्हणाले, रहेवा दो ने, मरेली छे. महाराजांनी, म्हणजे तिथल्या आचाऱ्याने, रायफल फिरवली. पूजा झाल्यावर बाकीची हत्यारं जागेवर गेली, पण बांनी रायफल घोडीवर तशीच ठेवून घेतली, हिंचक्यासमोर, रोज दिवा लावायला. एवढ्या हत्यारांत तीच का, ते त्यांनी सांगितलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी धूळ पुसायला गेलो. नळीच्या मागच्या बाजूला बांधलेली नाडाछडी तपकिरी झाली होती, दूध लागलं की भांड्याच्या तळाला जो रंग येतो तसा. मी उलटा हात लावला. नळी गरम होती. उन्हात ठेवलेलं लोखंड सगळीकडे सारखं तापतं, हे तसं नव्हतं. चेंबरपाशी जास्त आणि तोंडाकडे कमी, गोळ्या चालवलेली नळी तापते तसं. खिडकीचा पडदा ओढलेला होता. दिवा जमिनीवर, दुसऱ्या बाजूला, आणि कधीच विझलेला. जवळून विजेची तार जात नव्हती, मी भिंत हाताने चाचपली. भिंतीवरच्या तलवारी थंड होत्या.

शेठना बोलावून आणलं तोवर ती थंड झाली होती. शेठनी हात लावला, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, भाऊ, चष्म्याचा नंबर बदलला असेल. मी म्हटलं, शेठ, हाताला चष्मा नसतो. ते हसले, चांगला माणूस आहे, रागावले नाहीत.

नंतर पुन्हा झालं. रोज नाही. कधी सकाळी, कधी जेवणानंतर, त्याला काही धरबंध मला तरी सापडला नाही. मी उघडून बघायचो, चेंबर रिकामं, खुंटी जागेवर, पिन नाही. मेलेली बंदूक. आणि तिच्यासमोर बा हिंचका घालतायत, हिंचका पुढे गेला की त्या तिच्या तोंडाच्या आणखी जवळ जातात, मागे गेला की लांब. मला ते बघवत नसे. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, तुमले कोनी सांगेल शे हाई? नोकरी करा नि घर या. मी म्हटलं, अगं, पण म्हातारी समोर बसते ना.

मी तोंड भिंतीकडे करून ठेवायचो. महाराज बांच्या हुकमाने परत फिरवून ठेवायचे. दिवसातून किती वेळा व्हायचं हे. शेवटी मी माझं स्टूल मधे टाकून बसलो, तर बा म्हणाल्या, खस, मने देखातुं नथी, सरक, मला दिसत नाही. मी सगळं खरं सांगितलं, फायरिंगवरची गोष्ट सांगितली, हात जोडले. त्या म्हणाल्या, तू बहु बीकण, फार भित्रा, फौजमां शुं करतो हतो? बेस अहीं. मला हिंचक्यावर बसवलं आणि स्वतः बाजूला उभ्या राहिल्या.

मी बसलो. सगळी नोकरी बंदुकीच्या मागे आणि बाजूला गेली, समोरून मी कधी बघितली नव्हती. काय सांगू तुम्हाला, समोरून ती लहान दिसते. एक काळं भोक, तेवढंच. आणि नळीच्या वरची हवा हलत होती. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाण्यात बुडाल्यासारखं दिसत होतं. मी म्हटलं, बा, आत्ता हात लावा, आत्ता. त्यांनी बोटं लावली, चेंबरपाशीच, आणि ओढून घेतली. दाझी, म्हणाल्या. दोन बोटांवर लाल झालं होतं, संध्याकाळी फोड आले, शेठच्या बायकोने मलम लावलं, तिने बघितले आहेत.

मला वाटलं, आता सुटलो. आता ऐकतील. बांनी त्या बोटांकडे बराच वेळ बघितलं, मग लुगड्याचा पदर डोक्यावर घेतला आणि दोन्ही हात जोडले. म्हणाल्या, जागृत छे.

मी भीती दाखवायला गेलो आणि त्यांना देव सापडला. ज्या दगडाला हात भाजतो त्याला शेंदूर लावणारे आपण लोक, त्यांना मी कसा नावं ठेवू. दुसऱ्या दिवशी बांनी घोडी आणखी पुढे घ्यायला लावली. बा सकाळी फूल वाहायच्या, दुपारी तिच्यासमोरच डोळा लागायचा. बोलायच्या तिच्याशी, हळू आवाजात, मी जवळ गेलो की थांबायच्या. एकदा मी विचारलं, बा, काय बोलता? म्हणाल्या, आपणे शुं बोलवानुं, सांभळवानुं होय. आपण काय बोलायचं, ऐकायचं असतं.

बोटांचे फोड बघून शेठ मात्र बदलले. हसणं बंद झालं. व्यापाऱ्याला फोन केला, रायफल परत घे म्हणाले. असलं हत्यार हलवायचं तर परवानगी लागते, दिवाळीच्या सुट्ट्या आल्या, दिवस गेले. बा शेठशी अबोला धरून बसल्या. शेवटी मायलेकात ठरलं, देवदिवाळीपर्यंत राहू दे, मग ने.

देवदिवाळीच्या सकाळी मी रायफल रोजच्यासारखी साफ केली, नळीत पुढून घातलेली चिंधी पांढरीच बाहेर आली. नळी थंड होती. बांनी मला बोलावून घूघरा आणि मठियांचा, दिवाळीच्या फराळाचा, डबा दिला, बारडोलीला त्यांची मुलगी असते, तिला पोचव म्हणाल्या, तूच जा, ड्रायव्हर अर्धे खातो. मी म्हटलं, बा, उद्या जातो. म्हणाल्या, आजे ज. निघताना पाया पडलो तर डोक्यावर हात ठेवला, सुखी रहेजे, म्हणाल्या. भाजलेली बोटं तोवर बरी झाली होती. मी रायफलीचं तोंड भिंतीकडे केलं आणि निघालो.

बारडोलीच्या वाटेवर चलथाणच्या पुढे गेल्यावर शेठचा फोन आला. परत आलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. रायफलीचं तोंड हिंचक्याकडे होतं. महाराज म्हणाले, बांनी सांगितलं म्हणून मीच फिरवली. त्यांनी स्वयंपाकघरात आवाज ऐकला, दार आपटावं तसा, एकच. ते बाहेर आले तेव्हा हिंचका हलत होता. फाटकावरच्या वॉचमनने काही ऐकलं नाही, मी दोनदा विचारलं, तो दोन्ही वेळा तेच म्हणाला. दिवाणखान्यात कुठे गोळीची खूण नाही, भिंतीला नाही, हिंचक्याला नाही. हे मी स्वतः बघितलं.

क्रियाकर्म होईपर्यंत त्या खोलीला कुलूप होतं, किल्ली शेठकडे. मी अजून तिथेच कामाला आहे. हिंचका शेठनी काढू दिला नाही, त्याच्यावर कोणी बसत नाही. रायफल व्यापाऱ्याकडे गेली. द्यायच्या आधी शेठनी कुलूप उघडलं आणि मी ती त्यांच्या समोर उघडली. खुंटी जागेवर होती, वेल्डिंग अखंड होतं, पिन नव्हती. नळीत पुढून सळईला चिंधी गुंडाळून घातली, खुंटीपर्यंत नेली आणि बाहेर ओढली. चिंधी काळी निघाली. शेठनी ती हातात घेऊन नाकाशी धरली, मग माझ्या हातात दिली. जळालेल्या दारूचा वास होता.