फोटोच्या चोरखिशातला शेरा

नाई प्रभाकरराव, या ना जवळ, कम्प्युटर चावत नाई. हे पाहा आपल्या वधू-वर मंडळाचं पान. मीच बनवलं — तहसीलातून रिटायर झालो, घरी बसून करू काय? दोन हजार आठ साली वर्ध्यात तीन महिन्यांचा क्लास लावला, साऱ्या पोरांत टक्कल माझं एकट्याचं. आता सांगा, फोटोखाली काय दिसते? नाव, शिक्षण, उंची. बस. पण मी एकतीस वर्षं फायलीच्या कडेले पेन्सिलीनं शेरे मारलेला माणूस — शेऱ्याबिगर कागद मले उघडाबोडका वाटते. म्हणून प्रत्येक फोटोले एक चोरखिसा शिवला. शेरा खिशात टाकून ठेवायचा, जावास्क्रिप्टच्या एका ओळीनं बाहेर काढायचा. शिफ्ट दाबून क्लिक केलं का हजर! हा देवळीचा धर्मेंद्र — ‘उंची बुटांसह.’ ही रुचिका — ‘स्वयंपाक येतो, असे आई म्हणते.’ हासू नका. कोणालेच दिसत नाई ते — मी अन् मशीन, बस.

तुमची मयुरी? दाखवतो ना. ‘हुशार. बाप संशयी.’ — आता असे काऊन पाहून राह्यले? संशयी म्हणजे चौकस. तहसीलात तोच अर्थ घेतात.

आमच्या अंकितचा शेरा? त्याचा कशाले पाहता? पोरगा नागपूरले कंपनीत आहे, फोनवर सांगितलं ना मी. त्याचा खिसा रिकामा — अन् हा कागद कशाचा? मयुरीनं छापून दिला? पानावर उजवं बटण दाबलं, ‘सोर्स पाहा’ म्हटलं, का साऱ्यांचे खिसे उलटे? हे क्लासमध्ये शिकवलंच नाई! — हळू वाचा हो, सुलोचना आत चहा ठेवून राह्यली, पोराच्या आईलेच माहीत नाई अजून. ‘नोकरी मार्चपासून नाही. मुलगा सरळ. सांगायची मला हिंमत नाही.’ हो, मीच लिहिलं. बोलतो मी खोटं, रोज बोलतो — पण शेरा खोटा मारता येत नाई मले.

मग नकार द्यायले पवनारहून इथवर आले? फोनवर भागलं असतं — काय? मयुरी पोराले भेटते म्हणते? सारं वाचून? खरंच? अन् पुढं काय म्हणते? बोला ना, अर्धं ठेवू नका.

मुलगा चालेल, पण सासरा वेगळ्या घरात पाहिजे?

उठा प्रभाकरराव. चहा राहू द्या, बस सुटते तुमची. अंकितचा नंबर घेऊन जा — नाई, मी नाई लिहून देत, माझ्या हातून कडेले शेरा पडते. तुम्हीच लिहा.